सुनेच्या अंगठीसाठी घरच्या हिऱ्याच्या कुड्या मोडाव्यात का?

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाचा साखरपुडा डिसेंबरात, होणाऱ्या सुनेला हिऱ्याची अंगठी घालायची आहे, बजेट दोन लाख. घरात सासूबाईंच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. त्यातल्या एकीतला कडेचा हिरा पडलाय, फिरकी झिजलीय, म्हणून त्या वर्षानुवर्षं कपाटात. त्यातलेच हिरे काढून अंगठी करावी, की नवा हिरा घ्यावा? नवा घेतला तर खाणीतला की लॅबमध्ये तयार केलेला? आणि मोठ्या दुकानातली तयार अंगठी बरी, की मुंबईहून घडवून घेतलेली?

ताई, उत्तर आधी देते. कुड्या मोडू नका, दुरुस्त करून घ्या. अंगठीला नवा, खाणीतला, गोल हिरा घ्या, ४५ सेंटच्या (म्हणजे ०.४५ कॅरेट वजनाच्या) आसपासचा, जीआयए या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राचा. कटमध्ये, म्हणजे हिरा किती नीट कापलाय त्यात, तडजोड करू नका. रंग आणि क्लॅरिटीत (आत डाग किती कमी, त्यात) मात्र खुशाल काही पायऱ्या खाली उतरा. अंगठी १८ कॅरेट सोन्यात, साध्या घडणीची. दोन लाखांत हे बसायला हवं. मुंबईत ऑपेरा हाउसच्या कचेऱ्यांत हिरे निवडण्यापासून मी सुरुवात केली, आता ऑर्डरीप्रमाणे दागिने घडवून देते. बाजूचं-विरुद्धचं सगळं बघून हे सांगतेय. आता कारणं.

आधी कुड्या. एक कुडी हातात घ्या आणि उलटी करा. मागची बाजू सोन्याच्या पत्र्याने पूर्ण झाकलेली असेल तर ते बंद कोंदण. अशा कोंदणात हिऱ्याच्या पाठीशी चकचकीत पातळ पत्रा घातलेला असतो आणि समोरून दिसणाऱ्या तेजातलं बरंचसं त्या पत्र्याचं असतं. कोंदण उघडलं की खालून सपाट, पातळ, निस्तेज तुकडा हातात येतो आणि घरच्यांचे चेहरे पडतात. सराफाने हिरा बदलला, हा संशय तिथेच जन्माला येतो. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं.

मागून प्रत्येक हिऱ्याखाली भोक दिसत असेल तर कोंदण खुलं आहे आणि हिरे बहुधा पूर्ण खोलीचे आहेत. दहापट भिंगातून वरून बघा. जुन्या कटाच्या हिऱ्यात अगदी मधोमध एक बारीक गोल ठिपका दिसतो. लोक त्याला डाग समजतात. तो डाग नव्हे. हिऱ्याचं खालचं टोक तुटू नये म्हणून जुने कारागीर तिथे छोटा सपाट पैलू ठेवत, वरून तोच दिसतो. या हिऱ्यांचे पैलू मोठे, माथा उंच. दुकानातल्या पांढऱ्याधोप दिव्यांखाली ते नव्या हिऱ्यापुढे फिके वाटतात, पण संध्याकाळी घरात, पिवळ्या उजेडात, त्यांच्या रंगीत ठिणग्या रुंद आणि संथ पडतात. ज्याला हे बघता येतं तो असे हिरे विकत नाही.

कोणीतरी सुचवेल, “मधला हिरा काढून पुन्हा कट करून घेऊ.” आपल्या त्र्यंबकेश्वरचा नाशिकचा हिरा आठवा. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तो इंग्रजांच्या हाती गेला आणि १८१८ मध्ये लंडनला विकला गेला. तेव्हा तो नव्वदच्या आसपास कॅरेटचा होता. तिथल्या रंडेल अँड ब्रिज पेढीने तो कापून ७८ कॅरेटवर आणला, आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने आणखी कापून ४३.३८ वर. हिरा निर्दोष झाला, वजन अर्ध्याहून खाली आलं. एवढ्या मोठ्या हिऱ्याला हे परवडतं. कुडीतला मधला हिरा समजा २० सेंटचा असला आणि कापून १३-१४ सेंट उरला, तर त्यात कोणाचं भलं? शिवाय कटाईची मजुरी, फुटण्याची जोखीम, आणि मागे उरलेली भोक पडलेली कुडी.

तेव्हा कुड्यांचं काम एवढंच: फिरक्या नव्या, मळसूत्राचा दांडा बदलून, आणि पडलेल्या हिऱ्याच्या जागी तशाच जुन्या कटाचा हिरा. मोडीत आलेल्या दागिन्यांतून निघालेले असे हिरे मुंबईच्या बाजारात मिळतात, फक्त शोधायला वेळ द्यावा लागतो. “आजच बसवून देतो” म्हणणारा नव्या कटाचा हिरा बसवणार, आणि सहा जुन्या हिऱ्यांत तो एकटा वेगळाच चमकत राहणार. आणखी एक जपा. जुन्या दागिन्याला डाख देताना हिऱ्याला थेट ज्योत लागता कामा नये. हिरा म्हणजे कार्बन; तापला की पृष्ठभाग जळून धुरकट पांढरा होतो. जाणकार कारागीर आधी बोरिक अॅसिडचा लेप देतो किंवा हिरे उतरवूनच डाख देतो. आधी विचारून ठेवा, राग येणार नाही कोणाला. साखरपुड्यात अंगठी घाला, लग्नात कुड्या द्या. घरची वस्तू घरच्या सुनेकडे जाईल, आणि तीही अखंड.

आता नवा हिरा. दुकानात तुम्हाला चार गोष्टी सांगतील: वजन, रंग, क्लॅरिटी, कट. सांगताना चौघींना सारखाच मान देतील. प्रत्यक्षात तुमच्या डोळ्यांना जे दिसतं त्यातला मोठा वाटा एकट्या कटचा. रंग आणि शुद्धता निसर्गाने दिलेली. कट हे माणसाचं काम आणि लबाडीही तिथेच होते. का, ते दोन हिऱ्यांवरून सांगते.

पहिला ५० सेंटचा. व्यास ४.९५ मिमी, खोली व्यासाच्या ६४.५ टक्के, गर्डल जाड. गर्डल म्हणजे हिऱ्याची कंबर, कडेचा तो बारीक पट्टा. दुसरा ४५ सेंटचा. व्यास ४.९३ मिमी, खोली ६१ टक्के, गर्डल मध्यम. बोटात घातल्यावर दोघांत आकाराचा फरक कोणालाही दिसणार नाही, दोन शतांश मिलिमीटर कुठे दिसतात? पहिल्यात जादाचे पाच सेंट पोटात आणि कमरेत दडवलेले आहेत. घासणाऱ्याने वजन राखलं, कारण ५० सेंटचा आकडा गाठला की कॅरेटचा दरच वरच्या टप्प्यात जातो. तुम्ही न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजता, तेही चढ्या दराने. शिवाय खोल हिऱ्यात वरून शिरलेला उजेड खालून गळून जातो आणि मध्यभाग काळपट पडतो. बाजारात याला नेलहेड म्हणतात. उलट फार उथळ हिऱ्यात टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, कडेने पांढरट कडं दिसतं, त्याला फिशआय. गोल हिऱ्याची खोली साधारण ६० ते ६२.५ टक्के आणि टेबल व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के असेल तर सुरुवात चांगली. प्रमाणपत्रावर कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्हींना ‘एक्सलंट’ हवं; बाजारात त्याला ट्रिपल एक्स म्हणतात. मात्र त्यातही डावं-उजवं असतं, म्हणून आकड्यांवर थांबू नका.

हिरा बघायचा कसा, हे कोणी शिकवत नाही. दागिन्यांच्या दुकानातले छतावरचे बारीक दिवे असे लावलेले असतात की त्यांच्याखाली काचही नाचते. हिरा चिमट्यात धरून मेजाखाली न्या, नाहीतर तळहाताची सावली करा. सावलीतही जो जिवंत दिसतो तो चांगला कापलेला. मग खिडकीपाशी जा, ऊन नसलेल्या उजेडात. रंग बघायचा तर पांढऱ्या कागदाची घडी करा आणि हिरा त्यात पालथा, टोक वर करून ठेवा. वरून बघताना चमक रंग लपवते, बाजूने बघताना लपवायला तिला काही उरत नाही. दोन हिरे शेजारी ठेवा. एकटा हिरा नेहमीच छान दिसतो.

आमच्या बाजारातला भाव निघतो तो ‘रॅप’वरून, म्हणजे रॅपापोर्ट या कंपनीच्या दर आठवड्याला येणाऱ्या डॉलरमधल्या यादीवरून, तिच्यावर इतके टक्के उणे, अशी बोली चालते. यादीत वजनाचे टप्पे आहेत: ३० ते ३९ सेंट, ४० ते ४९, ५० ते ६९ आणि पुढे. टप्पा ओलांडला की दर उडी मारतो. म्हणून ५० च्या अलीकडचा, ४५ ते ४८ सेंटचा हिरा शोधा. असे कमी मिळतात, कारण कोणताही घासणारा ५० गाठायचीच धडपड करतो. पण मिळतात, आणि ऑर्डर देऊन घडवून घेण्याचा खरा फायदा हाच की तुमच्यासाठी कोणीतरी ते शोधतं.

रंगाची मोजणी डी अक्षरापासून झेडपर्यंत. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी पासून पुढे किंचित पिवळसर छटा, ती आय-जे पर्यंत बसवलेल्या हिऱ्यात सहसा जाणवत नाही. पिवळ्या सोन्यात अंगठी करणार असाल तर डी रंगावर पैसे घालवणं मला पटत नाही; सोन्याची छटा हिऱ्यात उतरतेच. एच घ्या, आय घ्या. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये करायची असेल तर एफ-जी. क्लॅरिटीचंही तसंच; तिच्या पायऱ्या वरून खाली व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा. व्हीव्हीएस हा शब्द आपल्या घरांत फार लाडका झालाय, पण व्हीव्हीएस आणि व्हीएस-२ मधला फरक दहापट भिंगाखाली ठरतो, जेवणाच्या टेबलावर नाही. व्हीएस-२ किंवा नीट निवडलेला एसआय-१ तुम्हाला पुरे. ‘नीट निवडलेला’ यावर मात्र मी अडून बसेन. टेबलाखाली बरोबर मध्ये काळा कण असलेला एसआय-१ नको. कडेला पांढरा, नखीखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या आकड्याखाली) झाकला जाईल असा असेल तर हरकत नाही. कडेपर्यंत पोचलेली चीर असेल तर सोडा, कारण नखी दाबताना तिथून तो फुटू शकतो. संतांच्या वचनातला हिरा घणाचे घाव सोसतो. आमच्या बाजारातला सोसत नाही. हिऱ्यावर सहसा ओरखडा पडत नाही हे खरं, पण ठरावीक दिशांनी तो एका ठोक्यात दुभंगतो.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. जीआयए ही १९३१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था, मुंबईतही तिची प्रयोगशाळा आहे. आयजीआय मूळची अँटवर्पची, आपल्याकडे तीच जास्त दिसते. खाणीतल्या सुट्या हिऱ्याला मी जीआयएचाच आग्रह धरते, कारण विकायला गेलात तर बाजार तिच्या अक्षरांवर कमी वाद घालतो. प्रमाणपत्राचा क्रमांक लेझरने गर्डलवर कोरलेला असू शकतो, तसाच मागा. तोच क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की पूर्ण अहवाल उघडतो. फ्लोरेसन्स, म्हणजे अतिनील किरणांत हिरा किती उजळतो, या ओळीकडेही बघा: ‘नन’ किंवा ‘फेंट’ असेल तर डोक्याला ताप नाही; ‘स्ट्राँग’ असेल तर हिरा उन्हात दुधाळ दिसतो का ते बघूनच घ्या. दिसत नसेल तर स्वस्तात चांगला हिरा मिळतो. आणि प्रमाणपत्र म्हणजे किंमत नव्हे. त्यावर रुपया लिहिलेला नसतो.

लॅबमधल्या हिऱ्याबद्दल घराघरात भांडणं चालू आहेत, त्यामुळे जरा सविस्तर. तो खोटा नाही. अमेरिकन डायमंड (म्हणजे झिर्कोनिया) आणि मोइसनाइट ही वेगळीच द्रव्यं. लॅबमधला हिरा मात्र हिराच, कार्बनचाच. एक प्रकार प्रचंड दाब आणि उष्णतेने होतो, दुसरा वायूतून थरावर थर चढवून, त्याला सीव्हीडी म्हणतात आणि सुरतेत त्याचे कारखाने आहेत. २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच होता. दुकानात ज्या पेनासारख्या यंत्राने हिरा टोचून बघतात ते उष्णता मोजतं; ते लॅबमधल्या आणि खाणीतल्या हिऱ्यात भेद करू शकत नाही, आणि मोइसनाइटलाही बऱ्याचदा हिरा म्हणून पास करतं. त्यामुळे “मशीन लावून बघितलं” या वाक्याला फारसा अर्थ नाही.

प्रश्न आहे किमतीचा. खाणीतून यायला मर्यादा आहे, कारखान्यातून यायला नाही. डी बियर्स या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबमधले हिरे कॅरेटला ८०० डॉलर दराने आणले तेव्हा ते स्वस्त वाटले होते. बाजार त्याच्याही कितीतरी खाली गेला आणि २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जीआयएने लॅबमधल्या हिऱ्यांना डी, व्हीव्हीएस असली अक्षरं द्यायचं थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले. हवा कुठे वाहतेय ते यावरून कळेल. रोजच्या कानातल्यांना, मोठा खडा हौसेने मिरवायचा असेल तर, मी स्वतः लॅबमधला सुचवते. पण विकून पैसे येतील ही आशा ठेवून घेऊ नका. साखरपुड्याची अंगठी विकायला कोण जातंय, असं सुनेने म्हटलं तर तेही खरंच आहे. तिला विचारा. दोन लाखांत तिला ४५ सेंटचा खाणीतला आवडेल की पाऊण लाखात दीड-दोन कॅरेटचा लॅबमधला, हा तिच्या बोटाचा प्रश्न आहे. मी खाणीतला सुचवला तो तुमच्या घरात आधीच जुने हिरे आहेत म्हणून; सगळं एका मापाचं राहील. लॅबमधला घेतलात तर बिलावर ‘लॅब-ग्रोन’ स्पष्ट लिहून घ्या आणि त्यालाही भिंग लावा. वायूतून वाढवलेल्यांत कधी तपकिरी-करडी छटा असते, दाबाने केलेल्यांत कधी निळसर.

हे ठरवण्याआधी घरात आणखी एक बोलणं उरकून घ्या: हिरा ‘लाभतो’ की नाही. पत्रिका बघणं हा माझा विषय नाही आणि त्यावर मी वाद घालत नाही. पण लग्नाच्या घरात कोणीतरी काकू हे अंगठी तयार झाल्यावर काढतात आणि घडवलेली वस्तू कोणी परत घेत नाही. काकूंना आधी विचारा.

आता कुठून घ्यायची. मोठ्या दुकानात तयार अंगठी मिळते, परतीचे नियम छापील असतात, वेळ वाचतो. घडवून घेण्यात हिरा तुम्ही निवडता आणि सोनं कुठे जाड, कुठे बारीक हे तुम्ही ठरवता. मुंबईला येणार असाल तर एक गैरसमज काढून टाका: बीकेसीतलं भारत डायमंड बोर्स हे व्यापाऱ्यांचं आहे, तिथे गिऱ्हाईक म्हणून सहज आत जाता येत नाही. आणि झवेरी बाजारातल्या माडीवरच्या कारागिराकडे ओळखीतून थेट जाऊन, बिलाशिवाय, घडवून घेण्याच्या फंदात पडू नका. हात त्याचा उत्तम असतो, बहुतेक बंगाली कारागीर, त्यांच्या तोडीचं जडावकाम मी फार कमी ठिकाणी बघितलंय. पण बिल नाही, हॉलमार्क नाही, उद्या काही झालं तर दाद नाही. बीआयएसकडे (हॉलमार्क देणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला, ऑर्डरीचं काम करणारा सराफ गाठा. तो पुण्यात, कोल्हापुरातही आहे.

त्याच्याकडून अंदाजपत्रक घेताना ओळी वेगळ्या मागा. ‘हिऱ्याची अंगठी, अमुक रुपये’ असा एक आकडा मान्य करू नका. पहिली ओळ सोन्याची. समजा २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरला, तर १८ कॅरेटचा ७,५०० यायला हवा, कारण १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के. काही ठिकाणी हळूच त्याहून जास्त टक्के लावतात. साडेतीन ग्रॅम निव्वळ वजनाचे २६,२५०. दुसरी ओळ घडणावळ, ग्रॅममागे रुपयांत. टक्क्यांत सांगितली तर रुपयांत करून घ्या. तिसरी ओळ हिऱ्याची: प्रमाणपत्र क्रमांक, वजन, दर. मग हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये, आणि एकूण दागिन्यावर तीन टक्के जीएसटी. ‘घडणावळ माफ’ अशी पाटी दिसली तर हिऱ्याचा दर दुप्पट लक्ष देऊन तपासा. कारागिराला कोणी फुकट राबवत नाही, पैसे कुठूनतरी वसूल होतातच. परत घेण्याचा नियमही याच कागदावर लिहून घ्या. घडणावळ आणि जीएसटी सहसा परत मिळत नाही. हिऱ्याचा कोणता भाव धरणार, खरेदीचा की त्या दिवसाचा, हे विचारा. बिल दोन लाखांवर गेलं तर पॅन लागेल, आणि दोन लाख रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे “रोख दिलेत तर कमी करतो” हे ऐकूच नका.

अठरा कॅरेट म्हटल्यावर घरातली वडीलधारी नाक मुरडतील. आपल्याला २२ कॅरेटची सवय. पण २२ कॅरेट मऊ असतं, त्याच्या बारीक नख्या वर्षा-दोन वर्षांत वाकतात आणि हिरा सैल होतो. पाटल्या-बांगड्यांना २२, हिऱ्याला १८.

घडवण्याची वाट अशी: संगणकावर आराखडा, मग मेणाचा नमुना, त्यावरून ओतकाम, घासकाम, जडाव, पॉलिश. मेणाचा नमुना हातात घेऊन बघायचा हट्ट धरा, बोटात घालून बघता आला तर फारच छान. चित्रात प्रत्येक अंगठी सुंदर दिसते. उंची मेणातच कळते. हिरा बोटापासून फार उंच बसवला तर साडीच्या निऱ्यांत, केसांत, पर्समध्ये अडकतो. बोटाला जवळ बसवा, पण खालून उघडा, म्हणजे धुता येईल. हिऱ्याला स्निग्ध पदार्थ घट्ट चिकटतात, इतके की खाणीत खडी धुताना ग्रीस लावलेल्या पट्ट्यांवर हिरे तेवढे चिकटून राहतात आणि दगड वाहून जातात. कणीक मळली, क्रीम लावलं की अंगठी निस्तेज होते ती यामुळे. कोमट पाणी, साधा साबण, जुना मऊ टूथब्रश, मागच्या बाजूने. बस.

नख्या सहा. चारात हिरा मोठा दिसतो खरा, पण एक नखी गेली की हिरा गेला. पट्टी रुंदीला दोन मिमी आणि तळहाताच्या बाजूला जाडीला दीड मिमीपेक्षा बारीक करू देऊ नका; वजन वाचवायला तिथेच कात्री लागते. पट्टीवर बारीक हिरे हवेत असं सूनबाई म्हणाली तर वरच्या अर्ध्या भागातच बसवा. पूर्ण गोलाकार बसवले तर अंगठी पुढे मोठी-लहान करता येत नाही, आणि बाळंतपणात बोटं बदलतात. हे बारीक हिरे एकेक प्रमाणपत्राचे नसतात, चाळणीच्या मापाने मिळतात आणि बिलावर ‘ईएफ-व्हीव्हीएस’ किंवा ‘जीएच-एसआय’ असं ढोबळ लिहितात. त्यांची संख्या आणि एकूण वजन लिहून घ्या, भिंगाने दोन-चार बघा, त्याहून जास्त जीव टाकू नका. खाणीतल्यांत लॅबमधले मिसळलेले नाहीत याची तपासणी झाली का, एवढं मात्र विचारा. मुंबईतल्या प्रयोगशाळा दागिना तसाच ठेवूनही ती करून देतात.

बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी नको. बोट संध्याकाळी थोडं फुगलेलं असतं.

कुड्या दुरुस्तीला देताना प्रत्येकीचं वजन, हिऱ्यांची संख्या, पुढचा-मागचा फोटो पावतीवर नोंदवून घ्या आणि मगच हातातून सोडा. कामाला दिलेली आणि नवी घेतलेली वस्तू यांच्या पावत्या वेगळ्या हव्यात. जुन्या कुड्यांवर हॉलमार्क नसेल, त्याने काही बिघडत नाही.

डिसेंबरचा मुहूर्त असेल तर ऑक्टोबरमध्ये हिरा पक्का झालेला हवा. दिवाळीच्या आधी कारागिरांवर इतकं काम असतं की घाईत जडाव कच्चा राहतो, आणि दिवाळीनंतर बरेच जण गावी जातात.

ताब्यात घेताना दुकानाच्या भिंगाखाली गर्डलवरचा क्रमांक वाचा. हिरा बसवण्याआधी एकदा वाचलेला असावा, आता पुन्हा. नखीखाली झाकला गेला असेल तर बसवण्याआधीच्या फोटोशी आतले कण ताडून बघा. अंगठी कानाशी धरून हलवा, टकटक आली तर हिरा सैल आहे. नख्यांवरून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर ती नखी नीट दाबलेली नाही. आतल्या बाजूला बीआयएसचं चिन्ह, १८ के ७५० आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, हे तिन्ही दिसायला हवेत. एचयूआयडी बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की सराफाचं नाव आणि शुद्धता समोर येते. तो फक्त सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नाही. शेवटी काट्यावर ठेवा. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा ४५ सेंटचा हिरा ०.०९ ग्रॅमचा. काटा ३.५९ दाखवत असेल तर बिलावर सोनं ३.५० ग्रॅमच लावलेलं असलं पाहिजे.